काळुरामला हे ठाऊक नव्हतं

टिळकनगरात सुदेशला लोक ओळखतात ते लिफ्टवाला म्हणून. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठल्याही सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की सेक्रेटरी आधी देवाचं नाव घेतो आणि मग सुदेशला फोन लावतो. पण या सुदेशला आणखी एक नाव होतं आणि ते त्याला फार प्यारं होतं. हवालदार. हे नाव ठेवणारी मंडळी आता पांगली. कोणी पुण्याला, कोणी कॅनडात, कोणी नुसतंच व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभातात. नाव मात्र सुदेशने लग्नातल्या सुटासारखं जपून ठेवलं होतं. अंगाला येत नाही, पण टाकवतही नाही.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा डोंबिवली पूर्वेला, स्टेशनजवळ एका गाळ्यात सायबर कॅफे होता. प्लायवूडची खोपटी, कळकट कीबोर्ड, सगळ्यांत मिळून एक पंखा, आणि तोही मालकाच्या डोक्यावर. तिथे सुदेश आणि मुकुल एका खुर्चीत अर्धे अर्धे बसून एक खेळ खेळायचे. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील असा खेळ. त्यात चित्र नाही, आवाज नाही, बंदूक नाही. नुसते शब्द. माडबंदर नावाचं एक गाव, खाडीच्या तोंडावरचं, कुठल्याच नकाशात नसलेलं. कल्याणची हेमांगी या खेळाची सूत्रधार. ती लिहायची, "माडबंदरात आज वारा पडला आहे आणि धक्क्याला एक अनोळखी पडाव लागला आहे." मग आपलं पात्र काय करतं, काय बोलतं, ते ज्याने त्याने लिहायचं. दहा-बारा जण होते. सुदेशचं पात्र काळुराम, खाडीवरचा नावाडी. मुकुलचं पात्र राघो, पलीकडच्या काठावरून मिठाची नि सुपारीची गाठोडी घेऊन येणारा फिरता व्यापारी. राघोने पलीकडून हाक मारायची, काळुरामने होडी नेऊन त्याला आणायचं, आणि मग दोघांनी होडीतच बसून गप्पा हाणायच्या. यात खेळण्यासारखं काय आहे, असं सुदेशची आई नंदाबाई विचारायची. तिला पटेल असं उत्तर सुदेशला कधी सापडलं नाही.

या खेळाचा एकच कडक नियम होता. खेळणाऱ्याला जे ठाऊक असतं, ते त्याच्या पात्राला ठाऊक नसतं. स्क्रीनवर सगळं सगळ्यांना दिसतं. गोदामात चोर शिरला असं हेमांगीने लिहिलं, की ते सगळेच वाचतात. पण गोदामापाशी रखवालदार एकटाच आहे ना? मग चोर फक्त त्याला दिसला. बाकीची पात्रं आपापल्या घरी कालवण ढवळत बसली आहेत, त्यांनी ढवळतच राहायचं. आता माणसाचा स्वभाव असा, की कळलेलं पोटात ठरत नाही. रतन नावाची एक मुलगी होती, तिचं पात्र गावची वैदूबाई. राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला, पण चोर आला रे आला की बाई काठी घेऊन गोदामापाशी हजर. का, तर म्हणे सहज फिरायला आले होते. लगेच सुदेशचा कंस पडायचा. खेळाबाहेरचं बोलायचं असेल तर ते कंसात लिहायची पद्धत होती, आणि सुदेशच्या कंसात कायम एकच वाक्य असे. "तुझ्या पात्राला हे कोणी सांगितलं?" म्हणून तो हवालदार.

हा काटेकोरपणा त्याने उचलला होता मुकुलच्या वडिलांकडून. त्र्यंबककाका एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर होते आणि सुदेशचे वडील धोंडीबा त्याच कारखान्यात बॉयलरवर. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी काका दर वर्षी कंपनीचं नाटक बसवायचे. तालमी शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीशी सारून. एका वर्षी नाटकात बापाला मुलगा गेल्याची तार येते असा प्रसंग होता, आणि बापाचं काम धोंडीबांकडे. धोंडीबा पहिल्या प्रवेशापासूनच सुतकी चेहऱ्याने वावरू लागले. काकांनी तालीम थांबवली.

"धोंडीबा, तार अजून पोस्टात आहे. तुमच्या चेहऱ्यावर ती कधी पोचली?"

"पण सायेब, पोरगा जाणार ते मला माहितीये ना."

"तुम्हाला माहीत आहे. त्याला नाही. तो आत्ता बाजारातून फणस घेऊन आलाय, आणि फणस गोड निघेल की नाही एवढीच त्याला चिंता आहे. तुम्ही तेवढीच करा."

स्पर्धेच्या दिवशी धोंडीबांनी तो फणस असा काही लाडाने थोपटला, की पुढे तार आली तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. धोंडीबांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि घरी आठवडाभर सगळ्यांना फणसच खावा लागला. सुदेश तेव्हा शाळेत होता. त्याला बाकीचं नाटक आठवत नाही, फणस आठवतो.

मग नऊ वर्षांपूर्वी सुदेशचं आणि मुकुलचं बिनसलं. कारण ऐकलं तर कोणीही म्हणेल, एवढ्यावरून? पण भांडणं एवढ्यावरूनच होतात. मोठं कारण असलं की माणसं निदान चार जणांना मध्ये घालतात. झालं असं, की सुदेशला मस्कतहून लिफ्टच्याच कामाची नोकरी चालून आली होती. जावं की न जावं, ठरत नव्हतं. धोंडीबा जाऊन वर्षच झालं होतं, आई एकटी पडली होती, म्हणून घरी तो चकार शब्द बोलला नव्हता. सांगितलं होतं फक्त मुकुलला. आणि पुढच्याच रविवारी सुदेशकडे सत्यनारायण, पंगत बसलेली, नंदाबाई शिऱ्याचं पातेलं घेऊन वाढायला आलेली, आणि मुकुल आपला खुशाल म्हणतो, "मग काय सुद्या, मस्कतला कधी निघतोयस?"

नंदाबाई पातेलं खाली ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही. दोन दिवस जेवली नाही. सुदेशने नोकरीला नकार कळवला आणि मुकुलला जिन्यात गाठलं.

"तुला मी मित्र म्हणून सांगितलेलं. पंगतीत ओरडायला नाही."

"अरे, मला वाटलं घरी माहितीये."

"असं कसं वाटलं तुला?"

"हे काय माडबंदर आहे का रे?" मुकुलही तापला. "सारखं आपलं कोणाला काय माहिती नि कोणाला काय नाही. वैताग आणलायस!"

ते वाक्य सुदेशच्या वर्मी लागलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

पुढच्या गुरुवारी मात्र पंचाईत झाली. माडबंदरचा खेळ दर गुरुवारी संध्याकाळी सातला भरायचा. सुदेश सवयीने बसला, आणि स्क्रीनवर आलं, "राघोने पलीकडच्या काठावरून हाक मारली. काळू, होडी आण रे!" सुदेशच्या मनात आलं, बस तिकडेच बोंबलत. पण काळुरामला मस्कत ठाऊक नव्हतं. काळुराम त्या पंगतीत नव्हता. काळुरामचं राघोशी काडीचंही बिनसलेलं नव्हतं, आणि नियम म्हणजे नियम. थोडा वेळ पाय आपटून झाल्यावर सुदेशने लिहिलं, "आलो रे आलो."

तेव्हापासून हे असं चाललं. रस्त्यात समोरासमोर आले की दुकानांच्या पाट्या वाचत निघून जाणारे हे दोघे, गुरुवारी सातला एका होडीत बसून सुपारी कातरायचे. बाकीची मंडळी एकेक करून गळाली, लग्नानंतर हेमांगीनेही सूत्रं सोडली. मोबाइल आले तसा खेळ मोबाइलवर आला, पण माडबंदरात माणसं उरली दोनच, एक नावाडी आणि एक व्यापारी. मुकुल ठाण्याला वर्तकनगरात राहायला गेला. त्याची आई, सरोजकाकू, त्याआधीच गेल्या होत्या, तेव्हा टिळकनगरच्या जुन्या घरात त्र्यंबककाका एकटे राहिले. सुदेशला वाटायचं, बघा, बाहेर कितीही ताठा दाखवला तरी पठ्ठ्या गुरुवार चुकवत नाही. मनातल्या मनात त्याने मुकुलला निम्मी माफी देऊनही टाकली होती. उरलेली निम्मी मुकुलने स्वतः येऊन मागावी, अशी त्याची अट होती, आणि ही अट मुकुलला कोणी कळवलेली नव्हती.

राघो तर दिवसेंदिवस रंगत चालला होता. पूर्वी मुकुल घाईत लिहायचा, वाक्यं अर्धवट, चुका ढीगभर. आता राघो सावकाश बोले. होडीत पाय ठेवण्याआधी चपला काढून हातात घेई. बोलता बोलता थांबे आणि भरतीचं पाणी बघत राही. चाळिशी आली की माणूस सुधारतो, असा निष्कर्ष सुदेशने काढला आणि बायकोला, संचिताला ऐकवला.

"मग तुझं कधी?" संचिता म्हणाली. त्या फोनला ती गुरुवारची सवत म्हणत असे, पण सात ते आठ या वेळात तिने सुदेशला कधी भाजी निवडायला बोलावलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

चार वर्षांपूर्वी नंदाबाई गेली. मंगळवारी गेली, आणि गुरुवारी सातला सुदेश फोन घेऊन गॅलरीत बसला. दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. काळुरामची आई माडबंदरात कधी नव्हतीच, तेव्हा रडायला काळुरामला काही कारण नव्हतं. म्हणून सुदेशने लिहिलं की काळुरामची जुनी होडी खडकावर आपटून फुटली. राघो आला. नवी होडी घे, असं म्हणाला नाही. त्याने फुटक्या फळ्या एकेक करून उचलल्या, वाळूत ओळीने लावून ठेवल्या आणि काळुरामच्या शेजारी बसून राहिला. तासभर दोघांनी मिळून फार तर सात-आठ ओळी लिहिल्या असतील. उठताना राघो म्हणाला, "हिने पुष्कळ माणसं पार नेली, काळू." त्या संध्याकाळी सुदेश पहिल्यांदा पोटभर रडला, आणि मुकुलची उरलेली निम्मी माफीही देऊन टाकावी असं त्याला वाटून गेलं.

गेल्या डिसेंबरात कल्याणच्या एका टॉवरमध्ये मशीन रूमच्या शिडीवरून सुदेशचा पाय सटकला. हाड शाबूत राहिलं, पण गुडघा भोपळ्याएवढा सुजला. मंगळवारी औषधाच्या दुकानापाशी त्र्यंबककाका भेटले. काका आता ऐंशीच्या घरात, हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"लंगडतोस का रे?"

"काही नाही काका. शिडीवरून घसरलो."

"जप बाबा," काका म्हणाले आणि पुढे गेले. काका रस्त्यात भेटले की असंच दोन शब्द बोलत, मुकुलचा विषय काढत नसत. सुदेशला त्याचं बरं वाटे.

गुरुवारी राघो होडीत बसला, पान लावलं, आणि म्हणाला, "शिडी जपून चढत जा, काळू. गुडघा एकदा गेला की गेला."

सुदेशने ती ओळ दोनदा वाचली. काळुरामला कसली आलीय शिडी? नावाडी तो! गुडघा दुखतोय सुदेशचा, काळुरामचा नव्हे. राघोला हे कोणी सांगितलं? हवालदार खडबडून जागा झाला आणि कंस टाकलाही. पण बोट पाठवायच्या खुणेवर जाऊन थांबलं. सांगितलं असणार काकांनीच, मुकुलला, फोनवर. आणि मुकुल काही रतनसारखा कच्चा खेळाडू नव्हता. वीस वर्षांत त्याच्या हातून अशी चूक झाली नव्हती. मग ही चूक नव्हेच! मुद्दाम केलंय त्याने. नियम मोडून विचारतोय, सुद्या, तुझा गुडघा कसा आहे. सुदेशला एकाएकी इतका आनंद झाला, की त्याने कंस पुसून टाकला आणि काळुरामकडून नुसतं विचारलं, "कुठली शिडी रे?" राघोने बऱ्याच वेळाने लिहिलं, "काही नाही. दुसऱ्याच कोणाचं तरी आठवलं." सुदेश मनाशी हसला. म्हटलं, लपव लेका.

शनिवारी वर्तकनगरच्या एका सोसायटीत काम निघालं. ते उरकून सुदेश लंगडत लंगडत मुकुलच्या इमारतीपाशी गेला. वर जाताना लिफ्टच्या दोराचा कुरकुर आवाज त्याच्या कानाने टिपला, पण आज त्याचं लक्ष नव्हतं. मुकुलला काय म्हणायचं ते त्याने वाटेत तीन प्रकारे ठरवून ठेवलं होतं.

मुकुलने दार उघडलं आणि ओरडला, "अरे, सुद्या! ये ये ये!" आणि मिठीच मारली. पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते, पण हसणं तेच. सुदेशला वाटलं, संपलं सगळं, नऊ वर्षं उगाच गेली. चहा आला, बिस्किटं आली. सुदेश म्हणाला, "गुरुवारी तू गुडघ्याचं विचारलंस ना, तेव्हाच कळलं मला."

"कुठला गुरुवार?"

"अरे, माडबंदर."

मुकुल चहा पिता पिता थांबला. "ते अजून चालू आहे? मी कधीच सोडलं रे ते. इथे आलो ना, तेव्हाच. सात वर्षं झाली."

"मग राघो कोण लिहितंय?" सुदेशने विचारलं.

"जुना कॉम्प्युटर बाबांकडेच राहिलेला. त्यावर तुझा काळुराम आपला दर गुरुवारी हाका मारतोय, राघो, आहेस का, राघो, आहेस का. बाबांचा मला फोन. अरे, पोरगा वाट बघतोय, म्हणाले. मी म्हटलं, मग तुम्हीच द्या उत्तर. नंतर त्यांच्या मोबाइलवरही टाकून दिलेलं मी ते. मला वाटलं, एक-दोनदा देतील आणि सोडतील." मुकुल हसायला लागला. "बाबा म्हणजे ना, कमाल आहेत!"

सुदेशला काही हसू येईना. त्याने विचारलं, "आणि मस्कतचं? तेही विसरलास?"

"मस्कत? तू मस्कतला जाणार होतास?"

सुदेशने पंगतीपासून जिन्यापर्यंत सगळं सांगितलं. मुकुलने मान हलवत ऐकलं. त्याला भांडण आठवत होतं, पण कशावरून ते नव्हतं आठवत. "असं होय! सॉरी यार. खरंच सॉरी. मावशींना किती वाईट वाटलं असेल." तो मनापासून म्हणाला, यात शंका नाही. पण जी माफी मागायला लावायची म्हणून सुदेश नऊ वर्षं अडून बसला होता, ती बिस्किटांबरोबर मिळून गेली, आणि तिचं काय करायचं ते त्याला कळेना.

निघताना मुकुल म्हणाला, "बाबांना सांगू का, तू आलेलास म्हणून?"

"नको. त्यांना काही बोलू नकोस." लिफ्टचा दोर एकदा बघून घ्या, असंही सुदेशने सांगितलं आणि निघाला.

घरी आल्यावर तो फोनवरचा सगळा जुना खेळ उघडून बसला. सात वर्षं मागे गेला. एका गुरुवारपासून राघोने चपला हातात घ्यायला सुरुवात केली होती. काका देवळात तशाच चपला हातात घेतात, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं. आईच्या वेळचा गुरुवार आला. काका मंगळवारी स्मशानात शेवटपर्यंत उभे होते. बुधवारी घरी येऊन पिठलं-भाताचा डबा ठेवून गेले होते. आणि गुरुवारी हाच माणूस राघो होऊन काळुरामजवळ बसला आणि आईचं नावही त्याने काढलं नाही. राघोला नंदाबाई ठाऊक नव्हती म्हणून. फुटक्या फळ्या तेवढ्या ओळीने लावत राहिला. रस्त्यात भेटल्यावर, सणावारी भेटल्यावर, एवढ्या वर्षांत एकदाही काकांच्या तोंडून माडबंदराचा शब्द निघाला नाही, आणि माडबंदरात टिळकनगरचा निघाला नाही. निघाला तो फक्त एकदा, सुदेशला लंगडताना पाहिलं तेव्हा.

त्याने संचिताला सगळं सांगितलं. त्याला रागही आला होता, तो त्याने लपवला नाही. "फसवलं ना मला त्यांनी! मी समजत होतो माझा मित्र आहे तिकडे."

संचिता कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग नव्हता का?"

"अगं, तो मुकुल नव्हता!"

"ते कळलं मला. आई गेल्या तेव्हा तुझ्याजवळ बसलेलं कोण, ते विचारतेय मी."

सुदेशला आता राग उरला नव्हता, भीती वाटत होती. काकांना कळलं की सुदेशला कळलंय, तर तो माणूस लाजेने मरेल. पुन्हा त्या फोनला हात लावणार नाही. काकांकडे तरी दुसरं काय होतं? नाटकं गेली, कंपनी बंद पडली, सरोजकाकू गेल्या, आणि मुलगा दिवाळीला येतो. आणि आपल्याकडे तरी काय आहे? त्याने ठरवलं, आपण बोलायचं नाही. कळलेलं पोटात ठेवायचं आणि गुरुवारी काळुराम म्हणून जाऊन बसायचं.

पण मुकुलच्या पोटात काही राहत नाही, हे आपण पंगतीत पाहिलंच आहे.

गुरुवारी सात वाजले. पलीकडच्या काठावरून हाक आली नाही. सुदेशने लिहिलं, "काळुराम होडीत बसून वाट बघतोय." उत्तर नाही. साडेसात झाले. संचिताने दोनदा डोकावून पाहिलं आणि न बोलता आत गेली. पावणेआठच्या सुमारास एक कंस आला. राघोच्या बाजूने सात वर्षांत आलेला पहिला कंस.

"(सुदेश, मुकुलचा फोन आला होता. सगळं कळलं. तू समजत होतास की पलीकडे तुझा मित्र आहे, आणि मी तुला तसं समजू दिलं. सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. पुढे पुढे सांगवेना, कारण तू यायचा बंद झाला असतास. नाटकाचा खेळ वाढवत नेला, चूक माझी आहे. आता राघोला परगावी पाठवतो आणि थांबतो. गुडघ्याला शेक घेत जा. त्र्यंबक.)"

आणि त्याखाली, कंसाबाहेर, "राघोने गाठोडं उचललं आहे. तो पलीकडच्या काठावर उभा आहे. आज तो हाक मारत नाही."

सुदेशच्या डोळ्यांपुढे अक्षरं पुसट झाली. कंसात काय लिहावं? काका, असं काही नाही? काका, तुम्ही नका जाऊ? ते सगळं खरं होतं, पण ते वाचून काका आणखी शरमले असते, दोन ओळी आशीर्वाद लिहून मोबाइल बाजूला ठेवला असता. त्याने कंस टाकला आणि पुसला. पुन्हा टाकला, पुन्हा पुसला. मग त्याने सुदेशला बाजूला ठेवलं आणि काळुरामचा विचार केला. काळुरामला काय ठाऊक आहे? त्याला वर्तकनगर ठाऊक नाही, मुकुल ठाऊक नाही, त्र्यंबक नावाचा कोणी माणूस ठाऊक नाही. त्याला एवढंच दिसतंय की रोजचा सोबती गाठोडं घेऊन पलीकडे उभा आहे आणि हाक मारत नाही. अशा वेळी काळुराम काय करेल? काळुराम वीस वर्षांत हाक आल्याशिवाय कधी पलीकडे गेला नव्हता.

सुदेशने लिहिलं, "काळुरामने होडी पाण्यात लोटली. भरतीचं पाणी आहे, पण तो वल्हवत निघाला. पलीकडच्या काठाला होडी लावून तो खाली उतरला आणि त्याने राघोच्या हातातलं गाठोडं आपल्या हातात घेतलं. म्हणाला, न सांगता कुठे निघालास रे? सात वर्षं झाली, माझ्या होडीत दुसरं कोणी बसलेलं नाही. चल, चढ."

पाठवून झालं. पलीकडे कोणीतरी लिहितंय अशी खूण दिसली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली. सुदेश फोन दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्याला त्या क्षणी जगात दुसरं काहीही नको होतं.

"राघोने चपला काढून हातात घेतल्या," अक्षरं आली. "आणि तो होडीत बसला."

मग एक कंस.

"(चष्मा सारखा पुसावा लागतोय. आज थोडं हळू लिही, बाळा.)"

सुदेशने डोळे पुसले आणि हळू लिहायला घेतलं.